सरकीचा वाटा

"मुकी नाई वो ते. इंग्रजी शिकून आली म्हनते, म्हनून आपल्याशी बोलत नाई."

"मंग कोनाशी बोलते?"

"मनातल्या मनात सायबाशी बोलत असंन."

दोघी हसल्या. हसताना त्यांच्या चरक्यांचे दांडे मात्र थांबले नाहीत. मी दाराच्या आत सूप घेऊन उभी होते, बाहेर अंगणात जायला निघालेली. सूप हळूच भिंतीला टेकवलं आणि परत माजघरात जाऊन बसले. राग आला नव्हता. त्यांचं निम्मं खरंच होतं. मी मनातल्या मनात बोलत असे, पण साहेबाशी नव्हे. कुणाशीच नव्हे. पाण्यात पाय सोडून बसावं तसं ते बोलणं होतं.

अमरावतीला येऊन मला तेव्हा तीन महिने झाले होते. माझे वडील कामठीच्या छावणीत, दवाखान्यात कामाला होते. आई मी लहान असतानाच गेलेली. वडील तापानं गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि मिशनच्या मडमांनी मला आपल्या शाळेत ठेवून घेतलं. तिथं सात वर्षं इंग्रजीत वाचलं, इंग्रजीत शिवणकाम केलं, इंग्रजीत डोकं दुखलं. मग एके दिवशी शाळेच्या फाटकाशी बैलगाडी येऊन थांबली. तिच्यातून नऊवारीचा काचा घट्ट खोचलेली एक उंच बाई उतरली आणि म्हणाली, "माह्या भावाची पोरगी द्या." ती माझी आत्या. तिला मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं.

आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं. परकोटाच्या आत तिचं लहानसं घर आणि घरापेक्षा चौपट मोठं अंगण. त्या अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या मांडवाखाली बारा चरक्या मांडलेल्या असत. कापसातली सरकी वेगळी काढायची ती चरकी. दोन लाट्या, एक जाड लाकडाची, एक बारीक लोखंडाची, एकमेकींवर घासून फिरणाऱ्या. बाईनं एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कापूस भरवायचा. रुई पलीकडं सायीसारखी लोंबत उतरायची आणि सरकी अलीकडं, बाईच्या पायांत, टपटप पडायची. गावातले शेतकरी आणि अडते कापूस आणून टाकत, आत्या तो बायांकडून साफ करून देई. तिचा हा कारखाना. कारखाना हा शब्द तिला ठाऊक नव्हता. ती "अंगन" म्हणायची. "अंगन चाललं पाह्यजे," एवढंच.

मला ते अंगण दुपारी फार आवडे. बारा दांड्यांचा आवाज सुरुवातीला वेगवेगळा असे, कुणाचा करकर, कुणाचा घुर्र. मग अर्ध्या घटकेत ते सगळे आवाज एकमेकांत विरघळत आणि एकच लांबलचक गुणगुण उरे, झोपेच्या काठावर ऐकू येते तशी. हवेत रुईचे तंतू तरंगत. बायांच्या भुवया पांढऱ्या होत, पापण्या पांढऱ्या होत. दुपारच्या तिरप्या उन्हात त्या सगळ्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागत आणि बाजूच्या विहिरीवर तोंड धुतलं की पुन्हा तरुण होत. मी ओट्यावर बसून कापसातली पानं, काड्या निवडत असे. निवडता निवडता हात थांबे. शाळेत मडमेनं नकाशावर दाखवलेलं निळं पाणी डोळ्यांपुढं येई. दोन समुद्रांपलीकडच्या एका देशात भाऊभाऊ लढत होते, म्हणून तिकडचा कापूस बंद, म्हणून विलायतेच्या गिरण्या उपाशी, म्हणून आमच्या वऱ्हाडात बोंडाबोंडाला किंमत. हे मला ठाऊक होतं. आत्याला इतकंच ठाऊक होतं की तिकडं कुठंतरी कापसाचा दुष्काळ पडला आहे. मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्या सुबत्तेच्या पोटात काय चाललं होतं, ते मात्र ओट्यावरून दिसे. आमच्या मागच्या गल्लीत कोष्ट्यांचे माग होते. मी आले तेव्हा सकाळी त्यांचा खटखटाट ऐकू यायचा. थंडी पडेपर्यंत तो निम्मा झाला. कापूस सगळा गाड्यांवर चढून मुंबईला चालला, मग सूत कशाचं काढणार आणि मागावर काय चढवणार? आमच्या अंगणात सर्वांत जुनी बाई होती ती पिंजाऱ्याची बायको. सगळ्या तिला खाला म्हणत, हिंदू बायासुद्धा. तिच्या नवऱ्याचं पिंजण भिंतीला टांगलेलं होतं, कारण त्या वर्षी गावात कुणी गादी भरतच नव्हतं. गादीत घालायची रुई विकून लोक बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं करत होते. खाला म्हणायची, "बैल चांदी पहनून राह्यले, आन् मानूस खाली जमिनीवर झोपून राह्यला. वा रे जमाना!"

खालाच माझ्याशी बोलायची. मी उत्तर देवो न देवो. "बेटी, इकडं बस. इथं ऊन नाई." "बेटी, तू खाऊन राह्यली का चिमणीवानी?" पहिला महिना माझं पाण्याचं मडकं घरात वेगळं होतं, मिशनच्या शाळेत जेवलेली मुलगी, भटजी काय ते प्रायश्चित्त देईपर्यंत तशीच ठेवलेली. खालाचं मडकंही अंगणात वेगळंच असे. ती एकदा दोन्ही मडक्यांकडं बोट दाखवून म्हणाली, "पाय, तुही न् माही जात एक झाली." मला हसू आलं. आवाज न करता हसले.

अंगणाचा एक नेम होता आणि तो कुणी ठरवला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रुई मालकाची, सरकी बाईची. जिनं जितका कापूस चरकीतून काढला तिची तितकी सरकी, हीच तिची मजुरी. दिवस कलला की खाला लाकडी माप घेऊन बसे, कारण तिचा हात सरळ असं सगळ्या मानत, आणि एकेकीच्या ओटीत सरकी ओती. कुणी ती भिजवून म्हशीला घाले, कुणी तेल्याकडं देऊन दिव्याचं तेल आणि म्हशीला ढेप घरी नेई. त्या बारा घरांतल्या म्हशी त्या सरकीवर दूध देत होत्या. आत्याला मालकाकडून वेगळं मिळे, पण सरकीच्या दाण्याला ती हात लावत नसे.

मार्गशीर्षात आत्याच्या दिराच्या घरी, अकोल्याला, लग्न होतं. आम्ही गाडीनं गेलो. तिथं गावाबाहेर कुणा व्यापाऱ्यानं वाफेवर चालणारं सरकी काढायचं यंत्र बसवलं होतं आणि लग्नाला आलेले पाहुणे जत्रेला जावं तसे ते पाहायला जात होते. आत्याही गेली, मला घेऊन. मला आठवतो तो धूर आणि पायाखालची थरथरणारी जमीन. आमच्या बारा चरक्या दिवसभरात काढतील तेवढी रुई ते यंत्र आमच्या डोळ्यांदेखत ओकत होतं. मला वाटलं आत्या घाबरेल. ती खाली वाकली, यंत्राच्या मागच्या ढिगातून मूठभर सरकी उचलली, तळहातावर पसरली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. सरकी फुटलेली होती. अर्धी चिरलेली, अर्धी चेचलेली. आत्यानं ती मूठ पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि अमरावतीपर्यंत तशीच आणली.

"पाय," ती खालाला म्हणाली, "दात लागले."

"अल्ला! चावते का ते?"

"चावते. आन् ते तुकडे जातेत रुईत. आपली चरकी नाई चावत."

पुढचे आठ दिवस आत्या जो भेटेल त्याला ती गाठ सोडून दाखवायची. अकोल्याला यंत्र आलं, आगगाडी बडनेऱ्याला येणार, तिच्या मागून यंत्र आपल्याकडंही येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. अंगण चालायचं तर यंत्राला जमत नाही असं काहीतरी आपल्यापाशी हवं, आणि आत्याला ते सापडलं होतं. आमच्याकडं कापूस आणणाऱ्या अडत्यालाही तिनं ते दाखवलं. अडत्या ते एका साहेबाला जाऊन बोलला.

हा साहेब कुठल्याशा विलायती पेढीसाठी कापूस घेत असे आणि चांदूर बाजाराच्या वाटेवर एका शेतात त्यानं परदेशी कापूस लावून पाहिला होता. माघात त्याच्या शेतातला कापूस आमच्या अंगणात आला. दोन गाड्या. अडत्या पुढं बसून आला होता, आणि त्याच्या पागोट्यात एक कागद खोचलेला होता.

"काकी, सायबानं चिठ्ठी देली. म्हने, तुमच्या घरी वाचनारी हाये. वाचू द्या तिले."

आत्यानं मला हाक मारली. अंगणात बारा बाया, दोन गाडीवान, अडत्या, आणि ओट्याच्या पायरीवर मी. आत्या माझ्या शेजारी उभी राहिली. तिचा चेहरा मी पाहिला. त्या क्षणी तिला माझा अभिमान वाटत होता. सात वर्षं परक्या घरी ठेवलेली भावाची मुलगी आज अंगणाच्या कामी येत होती.

मी कागद उघडला. अक्षर बारीक, तिरपं. एकेक वाक्य मनात लावून घ्यायचं आणि मराठीत सांगायचं. "कापूस कोरडा ठेवावा," मी म्हणाले. "पानं-काड्या निवडून काढाव्या. वजन वाढावं म्हणून पाण्याचा शिडकावा करू नये."

"करू नये!" मागून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं.

"शिडकावा करू नये वो बाई! कीर्तन लागलं का?"

आणि सगळं अंगण हसलं. गाडीवानही हसले. अडत्याचं पोट हललं. त्यांत वाईट काही नव्हतं. शाळेतलं पुस्तकी मराठी त्यांनी पहिल्यांदाच इतकं सलग ऐकलं होतं. माझे कान मात्र जळू लागले. होळीच्या आत काम पुरं व्हावं, एवढं मी कसंबसं सांगितलं आणि कागद उलटला. मागच्या बाजूला आणखी चार ओळी होत्या.

*सरकी सर्वच्या सर्व, अखंड, मोजून परत द्यावी. ती पुढच्या पावसाळ्यात पेरण्यासाठी हवी आहे. हे नीट झालं तर माझा बियाण्याचा सगळा कापूस दरवर्षी तुमच्याकडंच येईल.*

डोळ्यांनी मी ते वाचलं. वाक्य मराठीत लावलंही. ते जिभेवर आलं होतं. तेवढ्यात अडत्या म्हणाला, "झालं नं? चला, पोती उतरवा." आणि बाया उठल्या, गाडीवानांनी जू सोडलं, आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी कागदाची घडी घातली. संध्याकाळी सांगू, मला वाटलं. एकट्या आत्याला सांगू.

संध्याकाळी आत्याकडं नांदगावची कुणी पाहुणी आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चरक्या सुरू झाल्या. त्या कापसाची सरकी निराळीच होती, हिरवट मखमलीची, बोटाला चिकटणारी. लाट्यांतून सुटताना ती जड जात होती. बाया तिच्यावर खूश होत्या. "भारी हाये व माय, तेल निगन हिच्यातून." दिवस कलला, खालानं माप घेतलं आणि सरकी वाटली.

मी पाहत होते. हे लिहिताना ते मला पुन्हा तसंच दिसतं, स्वप्नात आपण पाहतो आणि हलता येत नाही तसं. माप भरे, हातानं सपाट होई, ओटीत रितं होई. एक, मग दुसरी, मग तिसरी. पहिल्या दिवशी सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याला शेपूट लागलं: आणि काल मी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी ते शेपूट वाक्यापेक्षा मोठं झालं. मी स्वतःला समजावे की आत्याला ठाऊकच असणार. सरकी अखंड निघते हे तिनंच तर साहेबाला कळवलं होतं. अखंड सरकी त्याला कशाला हवी, हे तिला कळलं नसेल का?

नव्हतंच कळलं. तिची समजूत अशी की साहेबाला रुईत सरकीचे तुकडे नकोत. ते रुईला डाग पाडतात. तिला कळलं नव्हतं हे मला कसं समजलं तेही सांगते. दहाएक दिवसांनी अकोटकडची एक पाटलीण स्वतःचा कापूस घेऊन आली. गाडीतून उतरून तिनं पहिली टोपली अंगणाच्या मधोमध ठेवली, टोपलीला हळदकुंकू लावलं, आणि प्रत्येक बाईच्या ओटीत मूठमूठ ज्वारी घातली. मी खालाला हळूच विचारलं. माझा आवाज ऐकून तिचा दांडा थांबला.

"बेटी, हे बियाचा कापूस. याची सरकी पेरायची. याले कोनी हात नाई लावत, मजुरी मालकीन जवारीत देते. पयल्या टोपलीले कुंकू लागलं का आमाले समजते."

"आणि कुंकू नसेल तर?"

"तं मंग आमची."

इतकं साधं होतं ते. बियाण्याचा कापूस कुंकवानं बोलतो, आणि साहेबाचा कापूस कागदाच्या पाठीवर शाईनं बोलला होता. त्या अंगणात तो कागद वाचणारी एक मीच. खाला माझ्याकडं पाहत होती. तेव्हा सांगायचं होतं. निम्मी सरकी तरी घराघरांतून परत आली असती. मी मान हलवली आणि काड्या निवडू लागले.

होळीच्या दोन दिवस आधी साहेब आला. घोड्यावर, बरोबर अडत्या तट्टावर. सकाळची वेळ होती. आत्यानं अंगण सारवून घेतलं होतं आणि रुईचा ढीग धुतलेल्या चादरीवर मांडला होता. खरोखर सुंदर होती ती रुई. लांब धाग्याची, एक काडी नाही, एक डाग नाही. साहेबानं चिमूटभर घेतली, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून पाहिली, आणि तो हसला. आत्यानं पदर सावरला. बारा बाया रांगेत उभ्या होत्या.

"सरकी?" साहेबानं विचारलं. तेवढा शब्द त्याला येत होता.

आत्याला वाटलं, तो बायांना त्यांची मजुरी मिळाली का ते विचारतो आहे. "हो हो, वाटली," ती मोकळेपणानं म्हणाली. "रोजच्या रोज."

अडत्यानं ते हिंदुस्थानीत सांगितलं. साहेबाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून काहीतरी निघून गेलं. त्यानं पुन्हा विचारलं. आत्यानं पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. मग तो बोलू लागला, अडत्याशी, भरभर, निम्मं इंग्रजीत. दोन वर्षांची मेहनत. बियाणं जहाजातून आणलेलं. चोर. माझ्याखेरीज तो इंग्रजी शब्द कुणाला कळला नाही, पण त्याचा चेहरा सगळ्यांना कळला.

"काकी," अडत्या म्हणाला, "सायेब म्हनते सरकी परत पाह्यजे होती. चिठ्ठीत लिवलं होतं म्हनते."

"चिठ्ठीत?" आत्या म्हणाली. "चिठ्ठी माह्या पोरीनं वाचली, तुमच्यासमोर. असतं तं सांगतलं नसतं का तिनं? तुमच्या सायबाले सांगा, आमची पोरगी इंग्रजी शिकेल हाये. तिच्या वाचन्यात चूक नाई होत."

ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. इतकी तिची खात्री होती. मी ओट्यावर होते, खांबाला धरून. चिठ्ठी माझ्या पेटीत, शाळेतल्या शिवणाच्या नमुन्यांखाली होती.

साहेब चिडला नव्हता, खचला होता, आणि खचलेला माणूस कुणाला तरी धरतो. त्यानं विचारलं, वाटली कुणी? मग खाला स्वतःच एक पाऊल पुढं आली. "मीनं मापून देली, साहेब. आमची मजुरी हाये ते. बापजाद्यांपासून." तिला वाटलं, रीत सांगितली की झालं. अडत्यानं साहेबाला तेवढंच सांगितलं, की हिनं वाटली. त्याला स्वतःची मान सोडवायची होती. अडत्याच म्हणाला, "म्हातारे, चल चावडीवर. तिथं सांगजो रीत."

खाला हसली आधी. थट्टा वाटली तिला. मग तिनं आत्याकडं पाहिलं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण ते मला नंतर सांगता येणार नाही. खालाला चावडीवर जावं लागलं नाही. एका बाईच्या घरी मडक्यात पसाभर हिरवी सरकी उरली होती, तिनं ती धावत आणून दिली. साहेबानं ती रुमालात बांधून नेली. उगवली की नाही, मला ठाऊक नाही. त्याचा कापूस पुन्हा आमच्याकडं आला नाही. आत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं कुठलीशी पावती माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, "वाच. दोन्हीकून वाच." ती पावती मागून कोरी होती, तरी मी तसं सांगितलं: "मागं काही नाही, आत्या." तेव्हापासून ती प्रत्येक कागद माझ्याकडून दोन्ही बाजूंनी वाचून घेते.

अंगण आणखी दोन वर्षं चाललं. मग बडनेऱ्याला आगगाडी आली, यंत्र आलं, तिकडची लढाई संपली आणि भावही उतरले. साहेबाचं काम हातचं गेलं नसतं तर अंगण टिकलं असतं का? आत्या म्हणते, नाई. मी म्हणते, काही वर्षं तरी. आमच्या बारांतल्या सात बाया आता यंत्राच्या तोंडाशी कापूस भरायला जातात. तिथं रोजाचे पैसे मिळतात, सरकी मिळत नाही. त्यांच्या म्हशी एकेक करून विकल्या गेल्या. खालाच्या नवऱ्याचं पिंजण मात्र खाली उतरलं. रुई स्वस्त झाल्यावर लोकांना गाद्या आठवल्या. दुपारी मी अजून ओट्यावर बसते. मांडवाखाली आता चारच चरक्या आहेत, लोक आपापल्या बियाण्याचा कापूस तेवढा आणतात. चार दांड्यांचे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. चार वेगळे ऐकू येतात.

पण त्या सकाळी हे काही झालेलं नव्हतं. अडत्यानं खालाच्या दंडाला धरायला हात पुढं केला होता, आत्या "हात नको लावू तिले" म्हणत मध्ये पडली होती, साहेब घोड्याचा लगाम हातात घेऊन पाठमोरा झाला होता. हवेत नेहमीसारखे तंतू तरंगत होते. मी खांब सोडला. ओट्याला तीन पायऱ्या होत्या आणि तिन्ही मला मोजता आल्या. इंग्रजीत बोलावं असं आधी वाटलं, ते सोपं होतं. साहेबाला कळलं असतं, अंगणाला कळलं नसतं. मी साहेबाच्या शेजारून पुढं गेले आणि खालासमोर जाऊन उभी राहिले. बारा बाया माझ्याकडं पाहत होत्या. माझा आवाज मलाच अनोळखी लागला, इतका मोठा.

"खालाची चूक नाही. सरकी परत द्यायची होती, ते कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. मी त्याच दिवशी वाचलं होतं, आत्या. तुम्ही सगळ्या हसलात आणि मी बोलले नाही. रोज वाटताना पाहत होते, तरी बोलले नाही."